आर्डिस चारला येते

टॉर्डेन, मिनेसोटा
२३ फेब्रुवारी २००४

प्रिय डॅरिन,

तुझं पत्र जानेवारीतच मिळालं. उत्तराला महिना लागला, त्याबद्दल माफ कर. व्हर्लिन गेल्यावर लोकांनी मांस-शेवया भाजलेल्या एकोणीस हॉटडिशा आणून दिल्या, आणि माझा बहुतेक वेळ भांडी धुऊन परत करण्यात गेला. प्रत्येक भांड्याच्या बुडाला नावाची चिठ्ठी असते. दोन भांड्यांना नव्हती. ती कोणाची हे विचारायला संकोच वाटतो, म्हणून ती कपाटात ठेवली आहेत.

तुझ्या काकांना अजून पुरलेलं नाही. जमीन चार फूट गोठली आहे. दफनभूमीतल्या दगडी खोलीत या हिवाळ्यात गेलेले चौघे ठेवले आहेत. काकांच्या शेजारी हेग्रेबाई आहेत. चर्चच्या सतरंजीचा रंग निवडताना त्यांचं भांडण झालं होतं, तेव्हापासून सतरा वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते. आता मेपर्यंत शेजार आहे.

दफन मे महिन्याच्या बाविसाव्या तारखेला ठरलं आहे, आणि त्याबाबतच तुला विचारायचं आहे. दवाखान्यात व्हर्लिन म्हणाला होता, "मला काय हवं ते सगळं लिहून ठेवलंय. कॉम्प्युटरमध्ये आहे." मी "बरं" म्हणाले. आता तो चालू केला की आधी परवलीचा शब्द मागतो. तो शब्द मी त्याला विचारला नाही. विचारला असता तर तो जाणार हे मी मान्य केलं असं झालं असतं.

माझं नाव घालून पाहिलं. लग्नाची तारीख, कुत्र्याचं नाव आणि तिन्ही ट्रॅक्टरांची नावंही घातली. दुकानात नेला तर ते सगळं पुसून देतील म्हणतात. कोणती स्तोत्रं, दगडावर काय, हे मी मनानेच ठरवलं आणि त्याने वेगळंच लिहिलेलं निघालं तर माझ्याने सहन होणार नाही.

तू तिथे तुरुंगात ज्या कारणासाठी आहेस, तेच मला तुझ्याकडून शिकायचं आहे. हे बरोबर आहे का, मला माहीत नाही. टेलिफोन कंपनीच्या यंत्रात शिरून तू फोनवर ताटकळणाऱ्यांना सात राज्यांत दोन दिवस अकॉर्डियनवरची पोल्का नाचाची धून ऐकवलीस, हे चूकच होतं. व्हर्लिन मात्र म्हणायचा की त्या दोन दिवसांत त्याने कंपनीला उगाचच चार वेळा फोन केला.

जेवतोस ना नीट?

तुझी,
आर्डिस मावशी


क्ले फोर्क छावणी, इलिनॉय
३ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र मला टपालखोलीत उभं राहून वाचावं लागलं. इथे ऑफिसर पेटिंगिल सगळ्यांची पत्रं आधी वाचतात. त्यांनी तुझ्या पत्रातल्या एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"माझ्या मावशीचं दुःख आहे, सर."

"दुःखाला हरकत नाही. त्या यंत्राला आहे. आत येणाऱ्या किंवा बाहेर जाणाऱ्या पत्रात ते पुन्हा दिसलं, तर तुझी शिक्षेतली चोपन्न दिवसांची सूट गेली म्हणून समज."

चोपन्न दिवस, मावशी. म्हणून यापुढे त्याबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही, आणि तूही लिहू नकोस.

इथे सगळे मला घाबरतात. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की याला कळफलकापासून लांब ठेवा. त्याचा अर्थ छावणीने असा घेतला की याला बटणं असलेल्या कुठल्याही वस्तूला हात लावू द्यायचा नाही. कॅन्टीनच्या मायक्रोवेव्हला आकडे आहेत, म्हणून माझं जेवण लेव्हर्ट गरम करतो. लेव्हर्ट म्हणजे माझ्या वरच्या खाटेवरचा म्हातारा. त्याने आर्कान्सामध्ये नसलेल्या गाईंचा विमा उतरवला होता. मला काम दिलंय दगड रंगवायचं. इथे कुंपण नाही. वाटेच्या कडेने पांढरे दगड आहेत, त्यांच्या पलीकडे पाय टाकला की पळालास असं धरतात. म्हणजे माझा तुरुंग मीच रोज रंगवतो.

कैद्यांचं उलटंच. त्यांना वाटतं मी वाटेल ते करू शकतो. काल एक जण शेजारी येऊन कुजबुजला, "सरकारच्या यादीतून माझं नाव पुसशील?" मी म्हटलं, मला साधा टीव्ही दुरुस्त करता येत नाही. तो डोळा मारून म्हणाला, "हो हो, असंच म्हणायचं."

असो. तुझ्यासाठी हॉटडिशची एक कृती पाठवतो. नीट वाच, मावशी. अगदी नीट. आणि ती व्हर्लिनकाकांच्या टेबलापाशी बसून कर.

ओव्हन पूर्ण बंद कर. मग लाव. तो गुरगुरायला लागला की लगेच सगळ्यात वरच्या रांगेतल्या आठव्या बरणीवर बोटाने टकटक करत राहा, थांबू नकोस. काळी पाटी येईल. तिच्यातला 'सुरक्षित' पदार्थ निवड. कोण रांधतंय असं विचारलं तर व्हर्लिन सांगू नकोस, मॅनेजर सांग. मीठ विचारलं तर काहीही घालू नकोस. जागा रिकामी ठेव आणि पुढे जा.

तुझा,
डॅरिन


टॉर्डेन
१२ मार्च

प्रिय डॅरिन,

कृतीबद्दल आभार. तुरुंगातही तू स्वयंपाकाकडे लक्ष देतोस याचं बरं वाटलं.

बुधवारी चर्चमध्ये ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतलं सामूहिक जेवण होतं, त्यासाठी केली. तू मांस आणि शेवयांचं प्रमाण दिलं नव्हतंस, ते मी नेहमीचं धरलं. व्हर्लिनच्या टेबलापाशी ओव्हन नाही, म्हणून मिश्रण तिथे कालवलं आणि भाजायला स्वयंपाकघरात आणलं. वरच्या रांगेतली आठवी बरणी जायफळाची निघाली. टकटक करत राहायचं म्हणालास, तशी ओव्हन तापेपर्यंत केली. झाकण सैल होतं. जवळजवळ सगळी बरणी रिकामी झाली. मीठ घातलं नाही. पास्टरबाईंनी विचारलं, "कोणी केली?" मी तू सांगितल्याप्रमाणे "मॅनेजरने" म्हणाले. त्यांनी माझा हात जरा वेळ धरून ठेवला.

सगळ्यांनी खाल्ली. कोणी वाईट म्हणालं नाही. ऑर्लिन म्हणाला, "वेगळंच लागतंय." डेलमर म्हणाला, "हो, वेगळंच आहे." आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते तुला माहीत आहे.

काळी पाटी मात्र आली. खालून लागली होती.

व्हर्लिनच्या त्या गोष्टीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. तुझी अडचण मी समजू शकते. दगडाचं काम करणाऱ्याला एप्रिलअखेर मजकूर हवा आहे. तो दोनदा विचारून गेला.

आर्डिस मावशी


क्ले फोर्क
२० मार्च

प्रिय मावशी,

ती हॉटडिश पोटात जाण्यासाठी नव्हती. याहून जास्त मला लिहिता येत नाही. तू भूगोल शिकवायचीस. नकाशा खायचा नसतो हे तू मुलांना सांगितलं असशीलच.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी पेटिंगिलसाहेबांनी मला बोलावलं. मला वाटलं, गेले चोपन्न दिवस. त्यांनी दार लावलं आणि म्हणाले, "त्या कृतीबद्दल बोलायचंय."

मी टोपी काढली.

"हा मॅनेजर कोण?"

"कोणी नाही, सर. तशी म्हणायची पद्धत आहे."

"हं. माझ्या बायकोने करून पाहिली. किती तापमानावर ठेवायची ते तू लिहिलंच नाहीस."

"साडेतीनशे, सर."

"तरीच. ती चारशेवर गेली." मग दार उघडताना म्हणाले, "वेगळीच लागते."

इथलं सांगायचं तर काल लेव्हर्टला एकसष्ट वर्षं झाली. केक कुठून आणणार? मग त्याचा आवडता पदार्थ केला. मसाल्याच्या शेवया पाकिटातच चुरायच्या. मक्याच्या वेफरचा भुगा आणि बांगड्याचं एक पाकीट घालायचं. कढत पाणी ओतून तोंड बंद करायचं. मग सगळं टॉवेलात घट्ट गुंडाळायचं, वर दोन जाड पुस्तकं ठेवायची आणि वीस मिनिटं अजिबात हात लावायचा नाही. उलगडलं की लादीसारखं निघतं. आम्ही आठ जणांनी वाटून खाल्लं. लेव्हर्ट म्हणाला, बाहेर असताना बायकोने केलेल्या केकपेक्षा बरं होतं, पण हे तिला कळवू नका, ती अजून येते भेटायला.

टीव्ही मी दुरुस्त केला. म्हणजे चिडून त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, तर चित्र आलं. आता तर कोणाचाच माझ्यावर अविश्वास उरला नाही.

तुझा,
डॅरिन


टॉर्डेन
२९ मार्च

प्रिय डॅरिन,

आता माझ्या लक्षात आलं. इतका वेळ लागला याची लाज वाटते.

तुझी पहिली कृती मी त्या 'ओव्हन'वर पुन्हा केली. वरच्या रांगेतली आठवी बरणी टकटक केली. डावीकडची पहिली बरणी जरा वेगळी बसवलेली आहे, ती धरायची की नाही हे कळलं नाही. मी धरली. काळी पाटी आली नाही. मी अकरा वेळा करून पाहिलं.

मग तुझी दुसरी, सुधारलेली कृती घेतली. 'शेवया', 'बांगडा', 'मका' असं एकेक सांगून पाहिलं. 'लेव्हर्ट' आणि 'एकसष्ट' हेही सांगितलं. कढत पाण्याबद्दल मला शंका आली म्हणून ते केलं नाही. पण ओव्हन मोठ्या टॉवेलात घट्ट गुंडाळला आणि वर ज्ञानकोशाचे दोन खंड ठेवले, ल आणि म. वीस मिनिटं हात लावला नाही. तो आत घोंघावत होता. उलगडल्यावर चांगलाच गरम लागला, पण शब्द मागतोच आहे.

काय चुकलं ते तिसऱ्या कृतीत कळव.

संध्याकाळी मी त्याच्या खुर्चीत बसते. ती माझ्यासाठी फार उंच केलेली आहे. खाली कशी करायची ते कळत नाही, आणि करावीशीही वाटत नाही.

आर्डिस मावशी


क्ले फोर्क
८ एप्रिल

प्रिय मावशी,

लेव्हर्टचा वाढदिवस खरोखरच होता. तो खरोखरच बांगडा होता. टॉवेल सोड, मावशी. कृपा करून सोड.

पेटिंगिलसाहेब तुझं पत्र घेऊन स्वतः माझ्या खाटेपाशी आले. "तुझी मावशी एकटी असते ना?"

"हो, सर."

"नवरा नुकताच गेलाय?"

"हो, सर."

"आणि ती चालू ओव्हन टॉवेलात गुंडाळून त्याच्यावर पुस्तकं ठेवते?"

यावर मी काय सांगणार होतो, तूच सांग. खरं सांगावं तर सूट जाते. न सांगावं तर मावशीला वेड लागलं असं होतं. मी मान खाली घातली. त्यांनी तुमच्या शेरीफच्या कचेरीत फोन केला. बहुधा कोणीतरी येऊन गेलं असेल. यापुढे माझ्या पत्रांत कृती लिहायला बंदी आहे. टपालखोलीच्या दारावर कागद लागलाय, 'पाककृती: सुरक्षेच्या कारणास्तव मनाई'. त्यामुळे स्वयंपाकघरातले कैदी माझ्यावर रागावलेत.

तेव्हा आता सरळ माझ्याबद्दल लिहितो.

लोकांना वाटतं मी काहीतरी फोडलं. मी काही फोडलं नाही, मला फोडता येतही नाही. कोर्टात वकील बुद्धी, कौशल्य असलं काय काय म्हणत होते, म्हणून मी गप्प बसलो. जरा बरंही वाटलं. खरं असं झालं की मी कंपनीत फोन केला. पलीकडून एका बाईंनी उचलला. मी म्हटलं, तुमच्याकडे बर्फ पडतोय का? त्या म्हणाल्या, पडतोय की. पाचेक मिनिटं बर्फाचं झालं. मग मी म्हटलं, एक अडचण होती, तो आत जायचा शब्द कोणता हो? त्यांनी सांगितला. शेवटच्या अक्षराचा घोटाळा होऊ नये म्हणून दोनदा सांगितला.

माझी कला एवढीच आहे, मावशी. विचारलं की लोक सांगतात. कारण कुठलाही माणूस शब्द स्वतःपुरता ठेवत नाही. तो कोणाला तरी सांगितलेला असतोच. व्हर्लिनकाका रोज सकाळी कोणाबरोबर बसायचे?

तुझा,
डॅरिन


टॉर्डेन
१६ एप्रिल

प्रिय डॅरिन,

शेरीफच्या कचेरीतला माणूस आला होता. माझाच जुना विद्यार्थी, नद्यांमध्ये नेहमी घोटाळा करायचा. त्याने ओव्हन उघडून पाहिला, दोन कप कॉफी घेतली, लिंबाच्या चार वड्या खाल्ल्या आणि म्हणाला, "सगळं ठीक दिसतंय, मॅडम." जाताना टॉवेल कुठे ठेवले आहेत ते विचारलं.

व्हर्लिन कॅफेत खिडकीजवळच्या टेबलावर बसायचा. ऑर्लिन, डेलमर आणि आणखी तिघे. त्या टेबलावर तीस वर्षांत कोणी बाई बसलेली मी पाहिली नाही. मंगळवारी सकाळी मी गाडी समोर लावली. पाऊण तास आत बसून राहिले. मग घरी आले. बुधवारीही तेच.

व्हर्लिनच्या शब्दासाठी परक्यांपुढे हात पसरायचा, हे मला जमेल असं वाटत नाही. त्याची बायको मी. मला माहीत नाही हे त्यांना कळेल.

आर्डिस मावशी


क्ले फोर्क
२२ एप्रिल

मावशी,

पहिल्यांदा बर्फाचं विचार. पडत नसेल तर का पडत नाही ते विचार.

डॅरिन


टॉर्डेन
२८ एप्रिल

प्रिय डॅरिन,

काल गेले.

टेबलावरचं बोलणं थांबलं. ऑर्लिनने टोपी काढली, पुन्हा घातली.

"आर्डिस. काही झालं का?"

"नाही. यंदा बर्फ उशिरा वितळला," मी म्हणाले.

"उशिराच," डेलमर म्हणाला. "पण वाईट नाही."

"याहून वाईट हिवाळे पाहिलेत," तिसरा म्हणाला.

मग डेलमरने व्हर्लिनची खुर्ची ओढून पुढे केली. ती त्यांनी कोणाला दिली नव्हती. "बस."

"नको, उभीच बरी."

"बस ना."

"नको, निघायचंच आहे."

"अगं बस गं."

तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा बसले. आणि विचारून टाकलं. तुझी अडचण लक्षात ठेवून, मी असं विचारलं: "व्हर्लिनच्या ओव्हनला कोणता शब्द सांगितला की तो उघडतो, तुमच्यापैकी कोणाला माहीत आहे का?" शेरीफची गोष्ट गावभर झालेली असल्यामुळे ते एकमेकांकडे पाहू लागले. मग मी पुढे वाकून खरं नाव हळूच सांगितलं.

डॅरिन, ते पाचही जण एकदम बोलले. शाळेत पाढे म्हणतात तसे.

"आर्डिस चारला येते."

मला वाटलं, मला काही सांगताहेत. मी म्हणाले, "कुठे येते?" ऑर्लिनचे कान लाल झाले. तो टेबलाकडे बघत म्हणाला, "हाच शब्द. सगळं सलग, मधे जागा न सोडता. चार आकड्यात."

दर गुरुवारी मी चर्चमध्ये गोधड्या शिवायला जाते. गेली सहा वर्षं दर गुरुवारी एक वाजता हे पाचही जण माझ्या घरी येत होते. त्या ओव्हनवर पत्ते खेळायचे, पाळीपाळीने. माझ्या वड्या खायचे. व्हर्लिन कॉफी करत असायचा, म्हणून ओव्हन कोणीही लावायचा. वेळेचं भान राहावं म्हणून शब्दच तसा ठेवला होता. चारला दहा कमी असताना कप धुऊन मागच्या दाराने निघून जायचे.

"मला वाटायचं वड्या तोच संपवतो," मी म्हणाले.

"त्याला एकच मिळायची," डेलमर म्हणाला.

आणि ती बिननावाची दोन भांडी ऑर्लिनची आणि डेलमरची निघाली. त्यांनी स्वतः केलं होतं, म्हणून नाव घातलं नव्हतं.

घरी आले. शब्द सांगितला. उघडला.

'आर्डिससाठी' असं नाव दिलेलं एकच पान आहे, ऑक्टोबरातलं. तसंच उतरवते.

स्तोत्रं: आर्डिसला आवडतील ती.
दगडावर: आर्डिस सांगेल ते.
कपडे: आर्डिस काढेल ते.
जेवण: आर्डिसला सोपं पडेल ते. हॅम नको. (असलं तरी चालेल.)

एक्केचाळीस वर्षं मी त्याला काय हवं ते विचारत आले आणि एक्केचाळीस वर्षं हेच उत्तर मिळालं. यासाठी मी ज्ञानकोशाचे दोन खंड त्या ओव्हनवर ठेवले होते. मला आधी फार राग आला. मग हसू आलं. चष्मा काढून ठेवावा लागला.

खाली शेवटची एक ओळ आहे. ती तुझ्यासाठी आहे.

खांदेकरी: टेबलावरचे पाच आणि डॅरिन. त्याला सोडलं नाही तर त्याच्या जागी दुसरं कोणी घालू नये. पाच जणांना झेपेल, मी बारीक झालो आहे.

त्याला हवं होतं ते एवढंच.

दफन २२ मेला, शनिवारी सकाळी दहाला.

आर्डिस मावशी


क्ले फोर्क
६ मे

प्रिय मावशी,

दफनाला येण्यासाठी रजेचा अर्ज केला. उत्तर आलं. मावशीचा नवरा जवळच्या नातेवाइकांत मोडत नाही. जवळचे म्हणजे आई, बाप, भाऊ, बहीण, बायको, मूल. मी अधिकाऱ्यांना म्हटलं, सर, माझ्या बापाने मला सायकलसुद्धा शिकवली नाही, ती या माणसाने शिकवली. ते म्हणाले, अर्जात सायकलचा रकाना नाही. तसे वाईट नाहीत. खरंच नव्हता, मीही पाहिला.

लेव्हर्टने दुसरा मार्ग सुचवला. "नसलेल्या गाई मी सहा वर्षं दाखवल्या. तुला नसलेला भाऊ दाखवता येणार नाही का?" मी नको म्हटलं. माझे चोपन्न दिवस अजून जागेवर आहेत.

पेटिंगिलसाहेबांनी तुझं पत्र दिलं तेव्हा ते उघडलेलं होतं, नेहमीसारखं. देताना म्हणाले, "तुमच्या मिनेसोटात ओव्हन फारच पुढे गेलेत." मी म्हटलं, "हो, सर." ते म्हणाले, "बोलल्यावर उघडतात म्हणे." मी पुन्हा म्हटलं, "हो, सर." मग त्यांनी खिडकीबाहेर पाहत विचारलं, "त्या लिंबाच्या वड्यांची कृती... नाही, राहू दे. मनाई मीच केलीये."

माझी जागा कोणती ते मात्र कळव. डावीकडे की उजवीकडे, पुढे की मागे. उगाच. माहीत असावं म्हणून.

तुझा,
डॅरिन


टॉर्डेन
२३ मे

प्रिय डॅरिन,

काल झालं.

तुझी जागा डावीकडे, मागे. ती व्हर्लिनची नेहमीची बाजू होती, नाच असो की मोटार.

दगडी खोलीपासून खड्डा नव्वद पावलांवर आहे. उजवीकडे तिघे, डावीकडे दोघे. उचलल्याबरोबर पेटी डाव्या अंगाला मागे कलली. अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा माणूस धावत आला आणि हात लावायला गेला. ऑर्लिन म्हणाला, "जागा घेतलेली आहे." तो म्हणाला, "इथे तर कोणी नाही." ऑर्लिन म्हणाला, "घेतलेली आहे म्हटलं ना." कॅफेत अनोळखी माणसाला सांगतात तसंच. तो मागे सरकला.

सरळ जाता येईना. व्हर्लिन सारखा डावीकडे वळत होता, चाकातली हवा गेलेल्या ट्रॅक्टरसारखा. डावीकडे हेग्रेबाईंची ताजी कबर आहे. डेलमर म्हणाला, "तिकडे नको, व्हर्लिन, तिकडे नको." मग सगळे थांबले, त्याला वळवलं आणि पुन्हा निघाले. असं तीनदा झालं. डेलमरची टोपी पडली आणि तिच्यावर मागच्याचा पाय पडला. पास्टरबाई स्तोत्र म्हणत होत्या, 'तो मला सरळ वाटेने नेतो' असा भाग होता, आणि तिथे त्यांचा आवाज फुटला. रडताहेत असं सगळ्यांना वाटलं. मी जवळ होते. रडत नव्हत्या.

नव्वद पावलांना पावणेदहा मिनिटं लागली. कोणी घाई केली नाही.

दगडावर नाव आणि सालं घातली आहेत. त्याला जास्त बोललेलं आवडत नसे. जेवायला हॅम नव्हतं. सगळ्यांना निरोप देताना ऑर्लिन जरा घुटमळला. मी म्हणाले, "गुरुवारी मी गोधड्यांना जाणार आहे." तो म्हणाला, "बरं." मी म्हणाले, "मागचं दार उघडंच असेल." तो पुन्हा म्हणाला, "बरं."

पेटी टेकवली तेव्हा मी घड्याळ पाहिलं. दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. तू तेव्हा काय करत होतास?

आर्डिस मावशी


क्ले फोर्क
१ जून

प्रिय मावशी,

शनिवारी सकाळी दहाला इथे उभी मोजणी असते. प्रत्येकाने आपापल्या खाटेशेजारी सरळ उभं राहायचं, टोपी काढायची, बोलायचं नाही, हलायचं नाही. ऑफिसर येऊन एकेकाला मोजत जातो. असायला हवेत एकशे त्र्याऐंशी.

मी खाटेच्या डाव्या बाजूला मागे उभा राहिलो. एवढं नियमात बसतं. का ते फक्त लेव्हर्टला सांगितलं होतं. त्याने वरच्या खाटेवरून त्याचा चांगला शर्ट काढून घातला होता.

पहिल्या खेपेला एकशे ब्याऐंशी भरले.

कोणी पळालं की काय म्हणून त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा एकशे ब्याऐंशी. तोपर्यंत दहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि सगळी छावणी, ठकसेन, करबुडवे आणि गाईंचा विमावाला धरून, टोपी काढून गप्प उभी होती. पेटिंगिलसाहेबांना टपालखोलीतून बोलावून घेतलं. तिसऱ्यांदा ते स्वतः यादी घेऊन फिरले. माझ्यापाशी आले, थांबले, माझ्या हाताकडे पाहिलं. तो मी पेटीची कडी पकडल्यासारखा कमरेशी धरला होता. त्यांनी यादीवर खूण केली आणि पुढे गेले. मग जमलं.

नंतर लेव्हर्ट म्हणाला, "तो पहिला मोजणारा तुझ्यासमोरून दोनदा गेला. तुला त्याने मोजलंच नाही. तू ओरडून सांगायचं होतंस की मी इथेच आहे!"

मी काही बोललो नव्हतो. मोजणी चालू असताना बोलायची परवानगी नसते.

तुझा,
डॅरिन